शाखांतरी अभियंता

पदवीला एक अभियांत्रिकी शाखा आणि पदव्युत्तर शिक्षणाला दुसरी, अशी मजल मारणाऱ्या विद्यार्थ्यास येथे शाखांतरी म्हटले असून, लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात आढळणारा त्याचा नमुना अभ्यासकास विशेष उपयुक्त आहे. त्याची पहिली शाखा बहुधा स्थापत्य, म्हणजे बोलीतले सिव्हिल, असते. ती सीईटीचे गुण, कॅप राउंड ही शासनाची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया आणि वडील या तिघांनी एकमताने त्याच्या पदरात टाकलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावेच्या गावे नव्याने वसताना ज्या पिढीने पाहिली, तिला सिमेंटचे काम कधी संपत नाही याविषयी शंका उरली नव्हती, आणि मुलाला ती काढण्याची सोय नव्हती.

शेवटच्या वर्षी संगणकशाखेच्या मित्रांना पुण्याच्या कंपन्यांची आणि त्याला साइटवर सळई मोजण्याची बोलावणी येऊ लागली, की शाखांतरीस स्वतःचा नैसर्गिक कल उमगतो. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा २०२१ पासून ठरावीक जोड्यांतील दोन प्रश्नपत्रिका देण्याची मुभा देते आणि २०२४ पासून तीत विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता हा नवा विषय आला आहे. या दोन्ही सुधारणा आपल्याचसाठी झाल्या, अशी त्याची श्रद्धा असते. परदेशी जायचे ठरल्यास तो स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हाच विषय का हवा ते पटवून देणारे निवेदन, लिहितो. भूकंपानंतर दहा वर्षांनी जन्मलेला हा तरुण त्यात किल्लारीच्या हादऱ्यांनी आपले बालपण घडवल्याचे नमूद करतो, इमारतींच्या कंपनांच्या नोंदींतूनच मशीन लर्निंगची ओढ लागल्याचे सिद्ध करतो, आणि तीनदा राहिलेल्या एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या गणिताचा, निर्देश ‘गणिताचा प्रदीर्घ सहवास’ असा करतो.

प्रवेश मिळाला तरी पहिली शाखा त्याची पाठ सोडत नाही. काँक्रीटच्या बांधकामासाठीचे आय.एस. ४५६ हे भारतीय मानक नेहमीच्या भारांना दीडचा सुरक्षागुणक लावते, म्हणजे येणारा भार दीडपट धरून संकल्पन करावयास सांगते. शाखांतरी तोच गुणक प्रोग्रामला लावून दोन तासांच्या कामास तीन तास मागतो, आणि प्रोग्राम कोसळल्यास तराई, म्हणजे ताज्या काँक्रीटवर पाणी मारणे, कमी पडल्यासारखा चेहरा करतो.

निलंग्यास मात्र या स्थित्यंतराची दखल नसते, कारण तेथे इंजिनिअर एकाच प्रकारचा असतो. दिवाळीत घरी आलेल्या शाखांतरीस काका शेतावर नेतात आणि ‘मोटार चालू हाय, पण पाणी चढंना गेलंय, जरा बघ की,’ असे म्हणून बोअरच्या स्टार्टरपुढे उभे करतात. आपली एक शाखा सिव्हिल व दुसरी संगणक असल्याचे तो सविस्तर समजावतो, तरीही पेटी उघडून आत बराच वेळ पाहतो. अखेर वायरमनला फोन जातो, आणि पोरगा अजून शिकतोच आहे, असा निर्वाळा देऊन काका घराण्याची अब्रू सांभाळतात.