सर्वज्ञ काकांस एका गॅरेजवाल्याचे जाहीर आभारपत्र

प्रति,
ती. सर्वज्ञ काका,
बी विंगचे पार्किंग, खुर्ची कायमची राखीव,
कोथरूड, पुणे.

शि. सा. न. वि. वि.

आमच्या धंद्यात आभार मानायची पद्धत नाही. गिऱ्हाईक बिल बघून कपाळाला हात लावतं आणि आम्ही दुसरीकडे बघतो. पण यंदाची उलाढाल पाहता आपले आभार चारचौघांत मानले नाहीत, तर मी खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं होईल. फुटपाथला किंवा दुभाजकाला चाक आपटणारे पुण्यात पुष्कळ आहेत. पण ठोकर एवढीशी आणि बिल एवढं मोठं, ही किमया एकट्या आपल्या वाक्याची: "चालतेय ना गाडी? मग काही झालेलं नाही. फार तर अलाइनमेंट करून घे."

आपली तपासणी मी लांबून पाहिली आहे. आपण गाडीला एक प्रदक्षिणा घालता, टायरला चपलेनं लाथ मारता, रिमवरचा ओरखडा थुंकी लावून अंगठ्यानं पुसता आणि निकाल जाहीर करता. गाडीखाली वाकून बघत नाही; गुडघ्यांचा विचार करता ते योग्यच. शिवाय आपण प्रीमियर पद्मिनी चालवलेली. त्या स्टिअरिंगला मुळातच इतका प्ले असायचा की ठोकरीनंतर आलेला प्ले वेगळा ओळखणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. आताच्या गाड्यांना आपण तोच न्याय लावता, यातच आमचं कल्याण आहे.

आता गुपित सांगायला हरकत नाही. पुढचं चाक फुटपाथच्या दगडावर आपटलं की धक्का टायरवरून रिमला, रिमवरून हबला आणि तिथून हबला धरणाऱ्या नकलला जातो. नकलला धरून ठेवणारे तिघे: वरून शॉकअब, खालून लोअर आर्म आणि बाजूनं टाय रॉड. ही मांडणी मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची. फोर्डनं ती १९५० च्या सुमारास रस्त्यावर आणली आणि मारुती ८०० बरोबर ती आपल्या दारात आली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते. तिघांत टाय रॉड सगळ्यात सडपातळ, म्हणून बहुधा आधी तो वाकतो. धक्का जोराचा असेल तर लोअर आर्म, शॉकअब किंवा नकल वाकतं. आणि फारच झालं तर लोअर आर्म जिला बोल्टनं बसवलेला असतो, ती क्रॉस मेंबरच जागची सरकते. यातल्या एकानंही इंजिन बंद पडत नाही, दिवे जात नाहीत, एसी थंड हवा द्यायचा थांबत नाही. त्यामुळे आपलं 'चालतेय ना' बिनतोड ठरतं.

आपला शब्द मानणाऱ्यांत दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग काहीच करत नाही. मला सगळ्यात प्रिय हाच. चाक १ अंशानं तिरकं झालं, तर ते दर किलोमीटरला साधारण १७ मीटर आडवं फरफटतं. म्हणजे रोज ऑफिसला जाता-येता टायर किसणीवर धरल्यासारखा जातो. गाडी मात्र चालते.

दुसरा वर्ग आज्ञाधारक. तो खरोखर अलाइनमेंट करतो. पडद्यावर आकडे लाल दिसतात, मुलगा खाली उतरून टाय रॉडचा नट सैल करतो, रॉड थोडा फिरवतो आणि टोचा, म्हणजे चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत त्याचा, आकडा हिरवा होतो. स्टिअरिंग सरळ. गिऱ्हाईक खूश. टाय रॉड वाकलेला असेल तर तो वाकलेलाच राहतो. त्याची लांबी तेवढी जमवून घेतलेली असते. अलाइनमेंट हे मोजमाप आहे काका, दुरुस्ती नव्हे. पण हे आपण कुणाला सांगू नका.

अलाइनमेंटनंतर हातात येणाऱ्या कागदावर खालच्या बाजूला कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय त्याचा, आकडा लालच राहिलेला असतो. गिऱ्हाईकानं विचारलंच, तर मुलगा सांगतो, "या गाडीत कॅम्बर होत नाही, साहेब." अगदी खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा जुळवता येतो. कॅम्बर फिरवायला नट दिलेलाच नसतो. मग ज्याला नटच नाही, तो आकडा आपोआप कसा हलला? काहीतरी वाकल्याशिवाय किंवा सरकल्याशिवाय हलणार नाही. हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात येत नाही, ही आपली कृपा.

आणि काय वाकलंय, हेही तोच कागद सांगतो. समजा, उजव्या चाकाचा कॅम्बर उणे अर्धा अंश आहे आणि डाव्याचा अधिक अर्धा. आता त्याच कागदावर एसएआय नावाचा कोन शोधायचा. ज्या कण्याभोवती चाक वळतं, त्याचा हा कल. उजवीकडे तो १३ अंश आहे, डावीकडे १२. बेरीज करा: उजवीकडे साडेबारा, डावीकडेही साडेबारा. बेरीज जुळली म्हणजे नकल आणि शॉकअब सरळ आहेत, दोघं मिळून जसेच्या तसे कलले आहेत. मग आधी संशय लोअर आर्मवर आणि क्रॉस मेंबरवर घ्यायचा. बेरीजच जुळली नसती, तर नकल किंवा शॉकअब वाकला असं धरून बघायचं. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी बेरीज आहे. एवढ्यावरून उगाच भलते पार्ट बदलणं वाचतं. कागद मात्र डॅशबोर्डच्या खणात पार्किंगच्या पावत्यांखाली सुखात पडलेला असतो.

विमा कंपनीनंही आपल्याला शाल-श्रीफळ द्यायला हवं. पूर्ण विमा असलेला माणूस ठोकर लागताच कंपनीला कळवून, दुरुस्तीआधी सर्व्हे करून घेईल, तर वाकलेला आर्म आणि टाय रॉड अपघाताच्या नुकसानीत बसतात. नुसता टायर गेला तर पैसे मिळत नाहीत. पण त्याच ठोकरीत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. आपल्या सल्ल्यावर सहा महिने गाडी चालवून तो आला की सर्व्हेअरला एका कडेनं गुळगुळीत झालेला टायर आणि खुळखुळणारा बॉल जॉइंट दिसतो. त्याला तो झीज म्हणतो. झिजेचे पैसे पॉलिसीत नसतात. ते मग माझ्या काउंटरवर भरले जातात.

हा सुखाचा संसार असाच चालावा, म्हणून आपल्याला एक विनंती. पुढच्या गोष्टी पार्किंगमध्ये चुकूनही बोलू नका, कारण त्यांना पैसे पडत नाहीत.

टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा दोन्ही बाजूंना बोटांनी मोजायला सांगू नका; आपटलेलं चाक मागे ढकललं गेलं असेल तर तिथेच कळतं. मोबाइलचा दिवा लावून टायरची आतली बाजू बघायला सांगू नका. तिथे फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि त्या टायरचं पंक्चरवालाही काही करू शकत नाही. स्टिअरिंग मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे सारखेच वेढे फिरतं का, हेही नको. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं का, हे तर मुळीच नको. रस्त्याला पाणी वाहून जायला डावीकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणारच, हे आपलं म्हणणं मात्र खरं आहे. ते जरूर सांगत राहा, त्याच्या आड बरंच काही लपतं.

आणि हेही ओठांवर आणू नका: गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघता येतात, अर्थात टायरवर दिशेचा बाण नसेल तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, नाही तर खालच्या सामानाचा. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं आणि खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खुळखुळलं तर टाय रॉडचे सांधे. ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिम बघायची. स्टिअरिंग सरळ होतच नसेल आणि पुढचं सगळं ठीक असेल, तर मागचं चाकही दगडावर चढलं होतं का, हे विचारायचं. मागची चाकं जोडणारा बीम वाकला की गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते आणि बिचारा मुलगा पुढचा टो जुळवत बसतो.

एका बाबतीत मात्र आपली तक्रार करतो. वाकलेला टाय रॉड तापवून, ठोकून सरळ करणारा जो 'आपला माणूस' आपण लोकांना सुचवता, त्याचं नाव वहीतून खोडा. तापवलेलं लोखंड सरळ दिसतं, पण त्याची मूळ ताकद गेलेली असते आणि बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. असा रॉड खंबाटकी घाटाच्या उतारावर तुटला तर चाक एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे जातं. मग ती गाडी माझ्याकडे येत नाही, थेट भंगारात जाते. त्यात ना आपला फायदा, ना माझा.

बाकी सर्व क्षेम. खुर्चीला नवी गादी पाठवत आहे, स्वीकार व्हावा.

आपला कायमचा ऋणी,
एक गॅरेजवाला

ता. क. : आपला पुतण्या परवा रात्री दुभाजकाला चाक लावून बसला. सकाळी आपल्याला न विचारता त्यानं विमा कंपनीला फोन केला आणि गाडी टोइंग करून माझ्याकडे आणली. उजवा टाय रॉड, एक लोअर आर्म आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट, संपलं काम. दोन टायर, बेअरिंग, बॉल जॉइंट, सगळं माझ्या हातून गेलं. घरातल्यांनाच आपला सल्ला नको झाला, तर आम्ही दुकान कुणाच्या भरवशावर चालवायचं? त्याला जरा समजवा.