ईशान्येकडे उभी असलेली बस

धायरीत राहायला आल्यापासून मी एक पथ्य पाळतो. कुणी ‘कुठं असता हल्ली?’ असं विचारलं की ‘पुण्यात’ म्हणतो आणि लगेच हवापाण्यावर येतो. कारण सदाशिव पेठेतल्या माणसाला ‘धायरी’ सांगितलं तर तो आवाज खाली आणून ‘बरं आहे ना तिकडं?’ म्हणतो आणि आमच्या सेलूच्या माणसाला सांगितलं तर तो ‘म्हणजे पुण्याहून किती लांब?’ असं विचारतो. कागदोपत्री मी पक्का पुणेकर आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावं महापालिकेत घेतली त्यांत धायरी आहे. फ्लॅट मुलाचा, कर्ज मुलाचं आणि गॅलरीतून सिंहगड दिसतो अशी बिल्डरची जाहिरात. तो दिसतोही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी वाळलेल्या साड्या काढल्या की दिसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालो. भिंतीवरच्या नकाशात म्हणाल ते शहर डोळे मिटून दाखवतो. नकाशाबाहेर माझं अधूनमधून बिनसतं, पण त्याला रस्ते जबाबदार असतात.

संक्रांतीच्या आधी सेलूहून अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पुणं दाखवायचा सूनबाईनं बेत आखला होता: रविवारी, गाडीनं, अकरा ते साडेअकरा शनिवारवाडा, मग पार्किंग मिळाल्यास दगडूशेठ. बेताचा तक्ता फ्रीजवर चिकटवलेला. अक्कानं तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, “रविवार लोक काय करायचं मी? लिफ्ट बघत बसू?”

दिवस गुरुवारचा, तारीख ८ जानेवारी. पोहे खाऊन झाले होते. सूनबाई आणि चिरंजीव ऑफिसला गेले होते. “चल अक्का, बसनं निघू,” मी म्हणालो. “कुठं?” “जिथं जाईल तिथं.” कोलंबस काय सुनेला विचारून निघाला होता? (त्याला जायचं कुठं होतं आणि तो पोचला कुठं, हे मी शाळेत दरवर्षी शिकवायचो. त्या दिवशी आठवलं नाही.)

स्टॉपवर प्रत्येक बसला अक्का एकच प्रश्न विचारत होती, “ससूनला जाती का?”

“अक्का, ससून हॉस्पिटल आहे. पुण्यात येऊन ससून कोण बघतं?”

“मला काय ठाव दुसरं पुण्यातलं? तुझ्या त्या शनिवारला नेतोस तर ने.”

स्वारगेटची बस आली. आत बसल्या बसल्या कंडक्टरशी पहिली चकमक. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या दिवसापासून मराठवाड्यातलं एकही बारसं, बारावं अक्कानं सोडलेलं नाही. पंचाहत्तरी कधी लागते याची ती आतुरतेनं वाट बघते आहे, कारण मग एसटी फुकट.

“एक अर्धं अन् एक पूर्ण,” अक्का म्हणाली.

“आजी, इथं अर्धं नाही. ही एसटी नाहीये.”

“मग काय विमान हाय?”

मागचे लोक हसले. कंडक्टर सभ्य होता. म्हणाला, “काका, फिरायलाच निघालाय तर दिवसाचा पास घ्या. ७० रुपये. पुणं, पिंपरी-चिंचवड, कुठंही चढा, कुठंही उतरा.” मी लगेच दोन पास घेतले. अक्कानं मनातल्या मनात हिशेब केला. “एकशेचाळीस रुपयांत मी दोनदा परभणीला जाऊन येते,” असं साऱ्या बसला ऐकवलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. दोन्ही पास मी माझ्या खिशात ठेवले. वस्तू अक्काकडं दिली की ती रुमालात बांधते, रुमाल पिशवीत जातो आणि पिशवी पुढं मला धरावी लागते.

वडगाव गेलं. माणिकबाग गेली. आनंदनगरच्या अलीकडं बस थांबली.

सिंहगड रस्त्यावर बस थांबणं ही घटना नव्हे. पण ही बस थांबली ती मुक्कामाच्या तयारीनं. डोक्यावर तुकड्या-तुकड्यांनी उघडलेला उड्डाणपूल होता. त्यावरून मोटारी सुसाट चालल्या होत्या. आमची बस थांबे घेत जाणारी, म्हणून खालून. वेळ जावा म्हणून मी अक्काला भूगोल सांगायला घेतला. सिंहगड आपल्या पाठीमागं, नैर्ऋत्येला. डाव्या हाताला मुठा नदी. “आपण आत्ता ईशान्येकडं चाललोय.”

अक्कानं खाली डांबराकडं बघितलं. “बस तर उभी हाय.”

“उभी आहे, पण ईशान्येकडं उभी आहे.”

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात अक्कानं अर्धी बस ओळखीची करून घेतली. पुढच्या सीटवरच्या बाईच्या नणंदेचं ठरलेलं लग्न का मोडलं, ते मला कळलं. कॉलेजच्या एका मुलीला अक्कानं डोक्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. त्या मुलीनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आयुष्यभर मी फळ्यावर खडूनं जे जे लिहिलं ते असं कुणी उतरवून घेतलेलं मला आठवत नाही.

आणि मग तिला पलीकडं हातगाडी दिसली. गाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या.

“माय! डहाळे!”

“अक्का, बस.”

“बस कुठं चाल्लीय? ईशान्येकडं उभीच हाय की.” ती तुरुतुरु पुढं गेली, ड्रायव्हरला म्हणाली, “बाबा, जरा दार उघड, दोन मिंटात येते.” ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं, समोरच्या गाड्यांकडं बघितलं आणि दार उघडलं. त्याच्या जागी मीही उघडलं असतं. त्या वेळी बस हलेल यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

अक्का दोन रिक्षांच्या मधून पलीकडं पोचली. जुडी उचलली. दाणे भरलेत का ते चिमटीत दाबून बघितलं. भाव करायला तिनं मान वर केली आणि पुढं कुठंतरी कुणाचं तरी काहीतरी सुटलं. सकाळपासून तुंबलेला तो सगळा रस्ता एकदम वाहायला लागला. बसही.

“थांबवा! अहो, माझी बहीण!”

“काका, आत्ता थांबवली तर मागचे मला खातील. पुढच्या स्टॉपला उतरा.”

मागच्या काचेतून अक्का लहान होत गेली. तिनं हातातली जुडी वर करून मला दाखवली. चांगली मिळाली होती.

पुढच्या स्टॉपला उतरून मी तरातरा मागं आलो. माझ्या खांद्यावर अक्काची पिशवी आणि पिशवीत शाल, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आधार कार्ड आणि मोबाइल. म्हणजे अक्काला शोधायची सगळी साधनं माझ्याजवळ होती. हातगाडीपाशी अक्का नव्हती.

“त्या मराठवाड्याच्या आजी?” गाडीवाला म्हणाला. “लेडीज बसनं गेल्या ना. मीच सांगितलं, आज आठ तारीख, फुकट आहे. पाच रुपये कमी करून घेतले तरी वर आशीर्वाद देऊन गेल्या.”

हे मला ठाऊक नव्हतं. २०१८ च्या महिला दिनापासून पुण्यात फक्त बायकांसाठी ‘तेजस्विनी’ नावाच्या बस धावतात आणि दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांत तिकीटच नसतं. आपल्या ७० रुपयांचा पास वाया गेला हे अक्काला त्या बसमध्ये कळलं असणार. तिला काही झालं असेल ही काळजी मला होतीच, पण ती भेटल्यावर माझं काय होईल ही काळजी जरा जास्त होती.

मागून आणखी एक तशीच बस आली. मी हात केला, चढलोही. आतून बाई कंडक्टरांचा आवाज आला, “काका, महिलांची आहे.”

“अहो, माझी बहीण पुढं गेलीय.”

“त्यांना चालते.”

मी उतरलो. तेवढ्यात पिशवीतून भजन सुरू झालं. अक्काचा मोबाइल. सूनबाई.

“बाबा? आत्याबाईंचा फोन तुम्ही कसा घेतलात?”

“त्या बाथरूममध्ये आहेत.”

“मागं हॉर्न कसले वाजतायत?”

“टीव्हीवर पुण्याची बातमी लागलीय.”

स्वारगेटला पोचलो. इथं एसटी, शहर बस आणि जमिनीखाली मेट्रो अशा तिन्ही वाटांनी माणूस हरवू शकतो. चौकशीच्या खिडकीत मी वर्णन सांगितलं: नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात हरभरा. “हरभरा कच्चा की भाजलेला?” आतून प्रश्न आला. ही चौकशी होती की चेष्टा, हे मला अजून उमगलेलं नाही.

मग मी शास्त्राचा आधार घेतला. वाट ठाऊक नसलेला जीव उताराच्या दिशेनं जातो. इथला उतार आंबील ओढ्याकडं, ओढा मुठेकडं. त्या सिद्धान्तानुसार मी जे पुणे पाहिलं ते असं. सारसबाग: तळ्यातला गणपती थंडीमुळं स्वेटर आणि कानटोपी घालून बसला होता, अक्का नव्हती. पर्वती: पायऱ्या १०३, अक्काचे गुडघे लक्षात घेऊन ती वर नाही असं मी खालूनच ठरवलं. शनिवारवाडा: दिल्ली दरवाज्याला हत्तींनी धडक देऊ नये म्हणून हे एवढाले खिळे ठोकलेत. पाया १७३० च्या जानेवारीत घातला, १८२८ मध्ये आग लागली ती सात दिवस जळत होती आणि आता आत पाहण्यासारखं जे उरलंय ते म्हणजे जोती, कारंज्यांचे हौद आणि सेल्फी काढणारी जोडपी. “एक म्हातारी बाई आली होती का?” मी रखवालदाराला विचारलं. “एक?” तो म्हणाला.

शेवटी वाड्यापुढच्या पटांगणात बसून मी अक्काची भाकरी काढली. राग आला होता. लहानपणापासून हे असंच. जत्रेत अक्का हरवायची, मी घरभर मार खायचा आणि अक्का कुणाच्या तरी खांद्यावर बसून, हातात रेवड्यांचा पुडा घेऊन परत यायची. जगाला ती आवडते. जग तिला पोचवतं. मला कंडक्टर उतरवतो.

ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि सकाळपासून तिनं प्रत्येक बसला विचारलेला प्रश्न मला ऐकू आला.

ससूनची जुनी इमारत दगडी, मनोऱ्यावर घड्याळ असलेली. बगदादहून मुंबईत येऊन बसलेल्या डेव्हिड ससून नावाच्या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभी राहिलेली, १८६७ ची. हे मी वाचलेलं होतं. अक्कानं ती राहून बघितलेली होती. भाऊजींना इथं आणलं तेव्हा तिचं लग्न नवं होतं आणि मी शाळेत होतो. आमच्यापैकी कुणीही तिच्यासोबत आलं नव्हतं. भाऊजी इथूनच गेले. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. तिचं पुणं एवढंच होतं. आणि मी सकाळी तिला सांगत होतो, ससून कोण बघतं म्हणून.

फाटकाजवळच्या झाडाखाली ती पेशंटच्या नातेवाइकांमध्ये बसली होती. लातूरकडची एक पोरसवदा बाई, तिची सासू, आणखी दोघं-तिघं. मध्ये जुडी मोडून ठेवलेली. सगळे घाटे सोलून खात होते.

“आलास? बस. खा.”

मी बसलो. बराच वेळ तिनं काही सांगितलं नाही, मग हनुवटीनं दाखवलं. “त्या तिकडं नळ होता. तिथं मी लुगडं धुवायची अन् अंगावरच वाळवायची. आता नळ न्हाई.” तिनं एक घाटा सोलला, दाणे त्या पोरसवदा बाईच्या हातावर ठेवले. “हिचा नवरा बरा हाय म्हणं. सोमवारी सोडतेत.”

“अक्का, मी तुला...”

“माझा पास आण इकडं.”

मी पास दिला. तिनं तो उलटसुलट बघितला, रुमालात बांधला. मग वाटेत तिनं मला तिचा प्रवास सांगितला. लेडीज बसमध्ये तीच तेल विचारणारी कॉलेजची मुलगी भेटली. ती आमची बस सोडून पुढं गेली होती, कारण तिला उशीर झाला होता. तिनं स्वारगेटला मेट्रोत बसवलं, तिकीटही तिनंच काढलं. “जमिनीखालून गेले बाबू. नदीच्या बी खालून जाती म्हणं ती.” कसबा पेठेला उतरून शनिवारवाडा पाहिला. “दार तेवढं चांगलं हाय.” दगडूशेठला प्रसाद घेतला, तोही फुकट. आणि तिथून एका भाजीवालीनं ससूनच्या बसमध्ये बसवून दिलं. सूनबाईचा अख्खा तक्ता तिनं गुरुवारीच उरकला होता. पार्किंगचा प्रश्नही आला नव्हता.

स्वारगेटला परत आलो तेव्हा अंधार पडला होता. धायरीची बस लागलेली होती. अक्का चढली, तिच्या मागून मी चढलो.

“काका, महिलांची आहे.”

मी अक्काकडं बघितलं. तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. “तू ये मागून,” ती म्हणाली. “तुझ्याकडं पास हाय की. वसूल कर.”

मी तो वसूल केला. नेहमीच्या बसनं, उभ्यानं, आनंदनगरला पुन्हा एकदा इंजिन बंद झालेलं ऐकत. सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा वॉचमन खुर्चीवरून उठला, मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं आणि इंटरकॉमवर आमच्या फ्लॅटला कळवलं, “आत्याबाईंना सांगा, सापडले काका.”