काढेकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना वाटतं, हे गृहस्थ सर्दी-खोकल्यावर काढा देत असतील. तसं काही नाही. कुणाच्याही कॉम्प्युटरपुढे बसले की काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी जुनं काढा." त्यावरून पडलेलं हे नाव. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टचं तुम्हाला माहीतच आहे.

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. पैसे घेणारा इंजिनियर बोलवायच्या आधी ज्याला बोलवायचं, तो. आमचे काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. एमएस-सीआयटी नोकरीत असताना केलं ते सक्तीनं, गोडी लागली निवृत्तीनंतर. खिशात दोन पेन ड्राइव्ह. दोन्हींवर जखमेची पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेननं लिहिलेलं, एकावर 'जुने', दुसऱ्यावर 'नवे'. माऊसला स्वतः हात लावत नाहीत. साहेबाच्या सहीशिवाय कागद न हलवण्याची सवय आहे ती. "तुम्ही क्लिक करा, मी सांगतो."

मी सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सच्या बिलांचं आमचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची नवी आवृत्ती आली, मी पाहता पाहता टाकली, आणि डेस्कटॉपवर एकाच नावाचे, एकाच चेहऱ्याचे दोन आयकॉन शेजारी शेजारी उभे राहिले. मी नव्यात बिलं काढत होतो. सेक्रेटरीबाई सवयीनं जुन्यात पावत्या करत होत्या. महिनाअखेरीला 'बी'मधल्या ज्या आजोबांनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते, त्यांनाच थकबाकीची नोटीस गेली. आजोबा पावती घेऊन आले. पावती खरी होती, नोटीसही खरी होती.

काकांना बोलावलं. त्यांनी कंट्रोल पॅनलमधली यादी उघडायला लावली आणि सातबारा वाचावा तशी वरून खाली वाचली. एकाच मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २००८, २०१०, २०१३ अशा नोंदी आल्या तेव्हा मी म्हटलं, "ही जुनी आहेत, उडवू का?"

"अजिबात नाही. हे सामाईक क्षेत्र आहे. ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा."

मग आमची भानगड सापडली. जुनी आवृत्ती ज्या सेटअपनं आली होती तो इनो सेटअपवर बांधलेला होता. १९९७ पासूनचं, फुकट आणि फार गुणी साधन. असा सेटअप काय काय कुठे ठेवलं त्याचा पंचनामा त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवतो, आणि शेजारी 'अनइन्स०००' नावाची एक फाइल बसवतो. पुढे कधी काढायची वेळ आली तर तो पंचनामा तीच वाचते. नवी आवृत्ती मात्र एमएसआय होती. मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये ऑफिस २०००बरोबर विंडोज इन्स्टॉलर आणला, त्याचं दप्तर स्वतंत्र. तिथे प्रत्येक घराण्याला एक लांबलचक क्रमांक असतो. नवं आलं की तो त्या क्रमांकावरून आपल्याच वहीत जुना वारस शोधतो, सापडला तर त्याला बाजूला करतो.

"मग आपला का नाही सापडला?"

"त्याच्या वहीत नावच नाही. यादी एक दिसते तुम्हाला, पण दप्तरं दोन आहेत." काकांचा चेहरा खुलला होता. चाळीस वर्षं हेच केलं होतं त्यांनी. "सॉफ्टवेअरवाल्यांनी सेटअप बदलला, तेव्हा नव्यानं जुन्याचा शोध घेऊन आधी त्याला निरोप द्यायला हवा होता. एवढा एक फेरफार लिहायचा राहिला त्यांचा."

मी जुना फोल्डर निवडून डिलीटवर बोट नेलं. काकांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"फोल्डर उडवला की पंचनामाही गेला आणि पंचही गेले. नाव तेवढं यादीत राहील. माणूस नाही, घर नाही, उताऱ्यावर नाव!" 'ए'मधल्या एका मुलानं डिस्कवर जागा हवी म्हणून विंडोजच्या आतला लपवलेला इन्स्टॉलर फोल्डरच साफ केला होता, त्याची कथा मग ऐकावी लागली. त्या कॉम्प्युटरवर त्यानंतर काही नीट काढताही येईना, दुरुस्तही होईना. कथेत चहा झाला.

रीतसर काम सुरू झालं. आधी जुना डेटा 'जुने' लिहिलेल्या ड्राइव्हवर. मग यादीतून अनइन्स्टॉल. हे काम गुपचूप करायला 'सायलेंट' आणि 'व्हेरी सायलेंट' अशा दोन आज्ञा असतात, हे काकांनी मला बराच वेळ, मोठ्या आवाजात सांगितलं. मधेच खिडकी आली: ही सामाईक फाइल आता कुणी वापरत नाही असं दिसतं, काढू का? माझं बोट 'होय'वर.

"नाही म्हणा. 'दिसतं' म्हणतोय तो. 'आहे' म्हणत नाहीये."

शेवटी जुना आयकॉन गेला. सेक्रेटरीबाईंनी सुस्कारा सोडला. काकांनी फोल्डर उघडायला लावला, तर तो अजून तिथेच, आत एक फाइल.

"ही का राहिली?"

"ही त्यानं आणलेली नाही. पावत्या तुम्ही केल्यात, पंचनाम्यात त्या नाहीत. म्हणून त्यानं हात लावला नाही. सज्जन आहे."

"मग पावत्या नव्यात घेऊ या." मी नवं सॉफ्टवेअर उघडलं, ती फाइल दाखवली. त्यानं ओळख दाखवली नाही. ड्राइव्हवरची प्रत दाखवली, तरी नाही. जुन्या पावत्या वाचता येतील अशी एकच वस्तू त्या खोलीत होती, आणि ती आम्ही आत्ताच सन्मानानं घालवली होती.

काका काही क्षण पंख्याकडे पाहत राहिले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला, पट्टी वाचली, परत ठेवला, पुन्हा काढला. जुना सेटअप त्यांनी जपून ठेवलेला होताच.

"टाका," ते खालच्या आवाजात म्हणाले. व्हेरी सायलेंट.

संध्याकाळी डेस्कटॉपवर पुन्हा दोन आयकॉन होते. काकांनी मॉनिटरच्या कडेला पांढरी पट्टी लावून लिहिलं: 'डावीकडचे जुने. फक्त पाहणेसाठी.' दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीबाईंनी त्यातूनच पहिली पावती फाडली.