काका परवडत नाहीत

ॲनिमेशनमध्ये नातेवाईक फुकट मिळत नाहीत. एरवी ते न बोलावता येतात आणि चहा होईपर्यंत हलत नाहीत. खऱ्या सिनेमातही तसंच. कॅमेरा घेऊन घाटावर उभं राहिलं की गुरुजी, पिंपळ, कुत्रं, मागच्या पायरीवर तोंड धुणारा माणूस असं सगळं आपोआप चौकटीत येतं, वर त्यातल्या दोघांना बाजूला व्हा म्हणून सांगावं लागतं. ॲनिमेशनमध्ये सुरुवातीला काही म्हणजे काहीच नसतं. ब्लेंडर उघडलं की एक राखाडी मैदान आणि मधोमध एक ठोकळा. तो ठोकळा डिलीट करून जगभरची माणसं कामाला लागतात. त्यानंतर पडद्यावर जे दिसतं ते कोणीतरी रात्र जागवून बनवलेलं असतं. साधी बादली हवी असली तरी "बादली कोण करणार?" हा प्रश्न येतो आणि खोलीतले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागतात.

तो प्रश्न विचारणं हे माझं काम होतं. कोर्सच्या शेवटच्या वर्षी सहा जणांनी मिळून तीन मिनिटांची फिल्म करायची असते. आमच्यात एक दिग्दर्शक होता, एक मॉडेलिंगवाली, एक रिगर, एक ॲनिमेटर, एक लायटिंगवाली आणि मी. माझं खातं प्रॉडक्शन, म्हणजे एक्सेलची शीट. त्यात हिरवं म्हणजे शॉट झाला, पिवळं म्हणजे चालू आहे आणि लाल म्हणजे त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं आहे.

गोष्ट दिग्दर्शकाची होती आणि चांगली होती. आजोबांचा दहावा. घाटावर पिंड ठेवलाय, कावळा समोर फांदीवर बसलाय, पण शिवत नाही. काका, आत्या, जावई, चुलत भाऊ असे चौदा नातेवाईक हात जोडून एकेक वचन देतायत. घराचं बघू, आईला सांभाळू, कर्ज फेडू. कावळा ढिम्म. पडद्यावर भव्य दिसेल म्हणून त्याला ओंकारेश्वराचा घाट हवा होता, मुठेला पाणी हवं होतं आणि त्या पाण्यात चौदाही जणांची प्रतिबिंबं हवी होती.

रिगरने वही काढली. रिगर म्हणजे पात्राच्या आत हाडं बसवणारा. मॉडेलिंगवाली मूर्ती करते, हा तिच्यात सांगाडा घालतो, कोपर कुठे वाकेल, भुवई किती चढेल ते ठरवतो आणि मग ॲनिमेटर ते हलवते. त्यामुळे रिगरला माणसं माणसं वाटत नाहीत, सांधे वाटतात. त्याने चौदा जणांचे सांधे मोजले, धोतरं आणि साड्या वेगळ्या काढल्या आणि शांतपणे म्हणाला, "दर्भाचा कावळा करा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कावळा फारच अडून बसला तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला शिववून मंडळींना जेवायला मोकळं करतात. त्याला पंख नसतात, चोच नसते, रिग लागत नाही. शास्त्राने डेडलाइनचा विचार किती आधी करून ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं. दिग्दर्शक दोन दिवस रिगरशी बोलला नाही.

मग नातेवाईक जायला लागले. आधी चुलत भाऊ गेले, त्यांचं कोणाला वाईट वाटलं नाही. मग जावई ट्रॅफिकमध्ये अडकला, असं ठरलं. आत्याचा मान होता, म्हणून तिला एका शॉटमध्ये पाठमोरी उभी करू म्हणाले, तर लायटिंगवालीने विचारलं की पाठमोरी आत्या म्हणजे अंबाडा, अंबाड्यावर गजरा, गजऱ्याची फुलं कोण करणार? आत्या फोनवर गेली. पुढे फोनवरचा आवाज रेकॉर्ड करायचा कंटाळा आला आणि ती तिथूनही गेली. काकांसाठी दिग्दर्शक शेवटपर्यंत भांडला, कारण काका विनोदी होते. पण काकांना पोट होतं आणि पोटावरून घसरणारं धोतर होतं. मी शीट पुढे केली आणि सांगितलं, काका परवडत नाहीत. चारचौघांत कोणाच्या काकांबद्दल इतकं उघड बोलायची पद्धत नाही, पण कोणीतरी बोलायला हवं होतं.

नदीवरून खरं भांडण झालं. दिग्दर्शक म्हणाला, "'फ्लो' बघ. लाटव्हियातल्या माणसाने केलीये, ब्लेंडरमध्येच केलीये, सगळी फिल्मभर पाणीच पाणी आणि २०२५ साली ऑस्कर." रिगर म्हणाला, "त्यात माणूस एक तरी आहे का? मांजर आहे. मांजराला धोतर नाही." दोघांचंही म्हणणं खरं होतं, हीच पंचाईत. शेवटी नदी गेली. नदीबरोबर घाट गेला आणि घाटाबरोबर दहावाही गेला. आता पितृपक्ष आला. एक गच्ची, एक आजी, एक पान आणि एक कावळा. आमचे सर प्रत्येक रिव्ह्यूला "पण स्टोरी कुठंय?" एवढंच विचारायचे. या वेळी त्यांनी ते विचारलं नाही, नुसतं "हं" म्हणाले. आम्ही ते "हं" मिटिंगच्या नोंदीत लिहून ठेवलं.

माणसं कमी झाली म्हणून काम कमी झालं असं मात्र नाही. आजीचा पदर होता. वाऱ्यावर हलणारा पदर म्हणजे क्लॉथ सिम्युलेशन. कापडाचं वजन, ताण, घर्षण असे आकडे भरायचे आणि काँप्युटरला हिशोब करू द्यायचा. पहिल्या दिवशी पदर आजीच्या खांद्यातून आत शिरून पाठीतून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर राहिला, पण आजी वाकली तशी साडीच गच्चीवरून निघून गेली. मॉडेलिंगवालीने एका रात्रीत उपाय काढला आणि पदर कमरेला खोचून टाकला. हलणारं टोकच उरलं नाही. पुढे एका समीक्षक मित्राने याला 'कष्टकरी स्त्रीचं देहभान' म्हटलं.

कावळ्याचंही सोपं नव्हतं. दिग्दर्शकाला तो काळाकुट्ट हवा होता. मॉडेलिंगवालीचं म्हणणं, आपल्या गच्चीवर येणारा गावकावळा मानेपाशी राखाडी असतो, सगळा काळा तो डोमकावळा. गच्चीवर जाऊन खात्री केली. बरोबर तीच होती. शिवाय कावळा चालतोही आणि उड्याही मारतो, आणि कधी काय करेल ते त्याचं त्याला ठाऊक. म्हणून ॲनिमेटर स्वतः गच्चीवर मागे हात बांधून कावळ्यासारखी फिरायची, मान तिरकी करून पानाकडे बघायची आणि मी मोबाइलवर शूट करायचो. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "हिचं ठरलंय का कुठे?"

सेकंदाला २४ फ्रेम लागतात. ॲनिमेटर दोन फ्रेमना एक पोझ धरून १२ पोझमध्ये सेकंद भागवायची. 'स्पायडर-व्हर्स'मध्ये असंच केलंय, ही स्टाइल आहे, असं ती सांगायची. ते खरंही आहे, तरी तिथे ती आवड होती आणि इथे सबमिशन. अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवायचे. १९१२ साली त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून चित्रित केलं आणि ती इटुकली फिल्म दाखवून सिनेमासाठी भांडवल उभं केलं. पुढे तर आगकाड्या हलवून फिल्म केली. वाटाणा काय, आगकाडी काय, कोणालाच पदर नाही. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

पान मात्र लायटिंगवालीने असं वाढलं की बघत राहावं. केळीच्या पानावर भाताची मूद, वर वरण, खीर, वडा, भोपळ्याची भाजी. भाताची शितं सुटी दिसावीत म्हणून तिने हजारो शितं पसरली, तर काँप्युटर भात बघूनच बंद पडायचा. डाव्या कोपऱ्यात आमसुलाची चटणी होती. तिची चकाकी बरोबर यावी म्हणून ती आठवडाभर बसली. फिल्ममध्ये चटणी अर्धा सेकंद दिसते, तीही कावळ्याच्या पायामागे. मी शीटमध्ये चटणीची ओळ लाल केली होती. तिने ती स्वतः हिरवी केली आणि फाइलला पासवर्ड लावला.

आता प्रश्न एकच राहिला. कावळा का येत नाही? आजोबांचं राहिलंय काय? दिग्दर्शक म्हणाला, काशी. रिगर म्हणाला, बिडी. ॲनिमेटरला काहीतरी अपुरं प्रेम हवं होतं. मला १५ सेकंदांत संपणारं काहीही चाललं असतं.

ॲनिमेशनमध्ये आवाज आधी लागतो, तोंड नंतर हलवतात. म्हणून आजीचे संवाद ॲनिमेटरच्या खऱ्या आजीकडून घेऊ असं ठरलं. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या आणि आजींना मध्ये बसवलं. बाहेरच्या रिक्षा आत येऊ नयेत म्हणून हा देशी स्टुडिओ. दिग्दर्शकाने कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तुमची अपूर्ण इच्छा मला सांगा.'

आजींनी चष्मा वर केला. "असं कोण बोलतं नवऱ्याशी?"

"आजी, भावना महत्त्वाची."

"ती असू दे तुझ्याकडे. त्याला भूक लागलीये ना?"

"कोणाला?"

"कावळ्याला. ह्यांना." आणि कागद उशीखाली सरकवून म्हणाल्या, "हे जन्मात कधी आपणहून पानावर बसले नाहीत. भूक लागली तरी पेपर धरून बसायचे. मी बसा म्हणायची वाट बघायचे, मानच तो." मग माइककडे न बघता, आतल्या खोलीत हाक मारावी तशा म्हणाल्या, "अहो, बसा आता. गार होतंय."

ॲनिमेटरने हेडफोन काढून बाजूला ठेवले. रिगर, जो सांध्यांपलीकडे काही बघत नाही, तो गोधडीची घडी घालायला लागला आणि घडी उलटी घातली. दिग्दर्शकाने लगेच आणखी एक टेक मागितला. आजी म्हणाल्या, "एकदा सांगितलं की येतात ते."

पुढचं सगळं रेंडरिंग. एक फ्रेम सहा मिनिटं, तीन मिनिटांचे ४,३२० फ्रेम, म्हणजे एका काँप्युटरवर सलग अठरा दिवस, तेही वीज एकदाही न जाता. पुण्यात राहून गुरुवार पाहिलेल्या माणसाला शेवटची अट कळेल. मित्रांचे, बहिणींचे, एका सायबर कॅफेवाल्याचे काँप्युटर मागून आणले आणि कावळा सात घरांत वाटून टाकला. त्याचे पाय वारज्यात होत होते आणि चोच हडपसरला.

स्क्रीनिंगला तीन परीक्षक होते. फिल्म संपल्यावर त्यांतल्या ज्येष्ठांनी माइक घेतला. म्हणाले, घरातला कर्ता पुरुष गेलाय, पितृपक्ष आहे आणि गच्चीवर म्हातारीशिवाय कोणी नाही. नातेवाईक नाहीत, मुलं नाहीत, साधी शेजारीणसुद्धा नाही. एवढं मोठं रितेपण दाखवायचं धाडस तुम्ही कसं केलंत?

दिग्दर्शक उठला. शर्ट नीट केला. "सर, आजच्या कुटुंबव्यवस्थेवर ते भाष्य आहे," म्हणाला. परीक्षकांनी ते लिहून घेतलं. रिगरने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "काकांचं सांगू का यांना?"