आग्र्याला शुक्रवारी पोहोचणारी माणसं

परीक्षेचं वेळापत्रक लागायच्या आधीच मराठी घरात 'यंदा कुठे?' सुरू होतं. बाबांना मुलांना दिल्ली दाखवायची असते, आईला एकदा काशी करायची असते, मुलांना बर्फ हवा असतो आणि आजीची अट एकच : संडास खोलीला लागून असावा. सगळ्यांची मनं राखून शेवटी ठरतं ते असं : दिल्ली, आग्रा, जयपूर, मथुरा, हरिद्वार, जमलं तर मसुरी. आठ दिवस, सात रात्री. काशी पुढच्या वेळी. (ती दोन पिढ्या पुढच्याच वेळी आहे.)

आणि मुहूर्त मे महिन्याचा. शाळेला सुट्टी तेव्हाच, त्यामुळे राजस्थानात पारा पंचेचाळीसला टेकला की आपली बस जयपुरात शिरलीच म्हणून समजा. सवाई जयसिंगाने 1727 मध्ये हे शहर वसवलं आणि तिथल्या जंतरमंतरात सुमारे 27 मीटर उंचीचं सूर्ययंत्र उभारलं. त्याच्या सावलीवरून आजही वेळ काढता येते. आपली मंडळीही तिथे सावलीच शोधत असतात, वेळेची कुणाला पडलेली नसते.

बरं, निदान वार तरी बघावेत. ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद. ही काही गुप्त बातमी नव्हे. तरी दर मोसमात शुक्रवारी आग्र्यात दाखल होणारं एखादं कुटुंब असतंच. त्यांना यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत नेलं जातं आणि घरी आल्यावर ते चारचौघांत सांगतात, 'ताज खरा मागूनच बघावा.'

दिल्ली-आग्रा-जयपूर हा 'गोल्डन ट्रँगल' खरं तर परदेशी पाहुण्यांच्या सोयीचा. तिन्ही बाजू रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिल्लीला उतरा, फेरा मारा, दिल्लीहूनच परत. ज्याच्या हाती आठवडाच आहे आणि जो पुन्हा येईल याची खात्री नाही, त्याला ते शोभतं. आपल्याला ना व्हिसा लागत, ना डॉलर. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. तरी आपण पाहुण्याच्याच नकाशावर बोट ठेवून चालतो. त्याच नकाशात मुंबईच्या वाट्याला एक रात्र येते, तीही गोव्याचं विमान सकाळी आहे म्हणून. ते दिसलं की मात्र आपल्याला अपमान वाटतो.

शहर निवडताना आपण विचारतो एकच : पॉइंट किती? कोलकात्याचं नाव काढून बघा. 'तिथे आहे काय?' व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल, संपलं. ब्रिटिशांनी 1911 मध्ये राजधानी दिल्लीला हलवायचं ठरवलं, आपल्या सहली बहुधा त्याच गाडीने निघाल्या. कोलकात्यातल्या मूर्तिकारांच्या कुमारटुलीत पूजेआधी कधी गेलात तर पेणच्या गणपतींवर वाढलेला माणूस जागीच उभा राहील. धडाला साचा नाही. बांबू आणि पेंढा सुतळीने घट्ट आवळून आधी सांगाडा करतात, त्यावर मातीचे थर चढवतात. अर्धवट दुर्गेच्या कोपरातून पेंढा बाहेर आलेला आणि तिच्या दहा हातांखालून वाट काढत आपण अरुंद गल्लीतून पुढे सरकायचं. तिथून कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांच्या टपऱ्या, विक्रेत्याच्या कमरेच्या वरपर्यंत चळती. नाव सांगा, तो नेमकी मधलीच प्रत ओढून काढतो आणि चळत पडत नाही. समोरच्या गल्लीत कॉफी हाउस, फेटेवाले वेटर, एका कपावर तासभर भांडण. यातला कुठलाच पॉइंट नव्हे, त्यामुळे यादीत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाने हैदराबादला 'फिरायला' जाणं ही तर वेगळीच गंमत. 1956 पर्यंत त्यांची राजधानीच ती! कुणाचे आजोबा उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकले, कुणाचे निजामाच्या तुरुंगात बसले. नातू सबंध दिवस घालवतो रामोजी फिल्म सिटीत, खोट्या रेल्वे स्टेशनावर फोटो काढत. चारमिनार? तो बसच्या डाव्या खिडकीतून दाखवला. उजवीकडे बसलेल्यांनी मोबाइलवर बघावा.

इंदूरचीही तीच तऱ्हा. होळकरांचं गाव, मराठी आडनावांच्या पाट्या पावलोपावली, पण आपली बस थांबते दुपारी बारा ते दोन, उज्जैनच्या वाटेवर. सराफ्यात दिवसा सोनं मिळतं. दुकानं बंद झाली की त्याच फळ्यांपुढे कढया चढतात : भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, हातभर जलेबा. ऐन रंग चढतो दहानंतर. तेव्हा आपली मंडळी उज्जैनच्या धर्मशाळेत पहाटेच्या भस्मआरतीसाठी गजर लावून झोपलेली.

माझं म्हणणं साधं आहे. चार शहरं खोडा, दोन ठेवा, प्रत्येकी चार दिवस द्या, त्यात एक दुपार मोकळी सोडा. हा बेत मी घरोघर मांडून पाहिला. आजीने संडासाची खात्री करून तो ताबडतोब मंजूर केला. बाबांनी विचारलं, 'म्हणजे माणशी पैसे तेवढेच, आणि शहरं फक्त दोन?'