एक इंच, ऐंशी गज

न्यू जर्सीतल्या मराठी घरात गोष्टी ठरलेल्या क्रमाने येतात. आधी मिनीव्हॅन येते, मग गराजमध्ये दुसरा फ्रीज येतो, मग सहा महिन्यांसाठी सासू-सासरे येतात. आणि मग एका संध्याकाळी कुणीतरी चहाचा कप घेऊन मागच्या हिरवळीकडे बघत म्हणतं, "इथे एक डेक पाहिजे." आमच्याकडे हे वाक्य आणि सासरे एकाच उन्हाळ्यात आले. अण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात कोकणातल्या साकवांची, मोऱ्यांची आणि विश्रामगृहांची एस्टिमेटं करण्यात गेली. एस्टिमेटाशिवाय त्यांना दाढीसुद्धा करवत नाही.

नवऱ्याने लॅपटॉपवर डेकचं रंगीत चित्र काढलं. १२ बाय १६ फूट, वर छत्री, कोपऱ्यात ग्रिल, कुंडीत कसलीशी जांभळी फुलं. अण्णांनी चष्मा पुसून ते पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. ह्याचा सेक्शन कुठाय?"

सेक्शन नव्हता. अण्णांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर तो काढला. फळ्या कड्यांवर, कड्यांचं एक टोक घराच्या भिंतीला जडवलेल्या पाटावर, दुसरं तुळईवर, तुळई तीन खांबांवर. "अरे, हा तर आपल्या वाड्यातला कडीपाट! खाली ओसरी नाही आणि वर कौलं नाहीत, एवढंच. मग एवढे पैसे कशाचे घेतात?"

कशाचे, ते दुकानात कळलं. नवऱ्याचा हिशेब सरळ होता : फळी 'दोन बाय सहा', म्हणजे सहा इंच रुंद, डेकची रुंदी १४४ इंच, चोवीस फळ्या. अण्णांनी खिशातून चिपळूणहून आणलेला टेप काढला आणि फळीला लावला. साडेपाच इंच. दुसरीला लावला. साडेपाच. जाडी दोनच्या जागी दीड. एव्हाना दुकानातला मुलगा धावत आला होता. त्याने समजावलं, की हे नाव पूर्वीपासूनचं. लाकूड कापल्यावर सुकतं, रंधलं जातं, तेव्हा एवढंच उरतं, आणि साऱ्या अमेरिकेत हे असंच चालतं. मी भाषांतर केलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे रंधा ह्यांनी मारायचा आणि भुसा आपण विकत घ्यायचा?" हे मी भाषांतरित केलं नाही.

साडेपाच इंचांची फळी, मध्ये पाणी निघायला पाव इंचाच्या निम्मी फट, म्हणजे फळ्या सव्वीस. वर दहा टक्के तूटफूट धरून एकोणतीस. कड्या सोळा इंचांवर एक. सोळा फुटांत बारा, असं नवरा म्हणाला. तो दिवसभर संगणकाला मोजायला शिकवतो, म्हणून मी गप्प राहिले. अण्णा राहिले नाहीत. "गाळे बारा, कड्या तेरा. शेवटच्या गाळ्याला काय शेजारी हात लावणार आहे?" सव्वीस फळ्या, तेरा कड्या, प्रत्येक जागी दोन स्क्रू : सहाशे शहात्तर. तेही साधे चालत नाहीत. कीड लागू नये म्हणून लाकडात तांब्याचं औषध मुरवलेलं असतं आणि ते साधं लोखंड खाऊन टाकतं. त्यामुळे जाड जस्ताचा मुलामा दिलेले, नाहीतर स्टेनलेस. किंमत ऐकून सासूबाईंनी विचारलं, हे स्क्रू गळ्यात घालायचे असतात का.

पायाचा भाग अण्णांच्या विशेष आवडीचा. इथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया वर ढकलतं, म्हणून खड्डे ३६ इंच खोल. खणण्यापूर्वी ८११ला फोन करायचा, मग माणसं फुकट येऊन गॅसवर पिवळी, पाण्यावर निळी, विजेवर लाल खूण करून जातात. "खणायच्या आधी?" अण्णांनी दोनदा विचारलं. एका फुटी गोल खड्ड्याला ८० पौंडी काँक्रीटच्या चार पिशव्या, तीन खड्ड्यांना बारा. एकाच पिशवीत खडी, वाळू, सिमेंट कालवलेलं, फक्त पाणी ओतायचं, हे पाहून मात्र त्यांचा चेहरा उतरला. "मग साइटवर मुकादमाने करायचं काय?"

नियमाप्रमाणे डेकने दर चौरस फुटाला ४० पौंड वजन पेललं पाहिजे. एकशे ब्याण्णव फुटांना सात हजार सहाशे ऐंशी. माणशी १६० धरली तर अठ्ठेचाळीस माणसं. नवऱ्याला बांधकामाचा अभिमान वाटला. माझ्यापुढे अठ्ठेचाळीस जणांची मिसळ उभी राहिली.

खरा पेच उंचीचा पडला. स्वयंपाकघराच्या दारापासून डेक जमिनीवर ३१ इंच येत होता आणि ३० इंचांच्या वर गेला की कठडा सक्तीचा. तो तीन फूट उंच आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. तीन बाजू, जिन्याची जागा सोडून ३६ फूट. म्हणजे ऐंशीच्या आसपास गज. एका इंचासाठी! अण्णा रात्रभर तळमळले आणि सकाळी तोडगा घेऊन आले : डेकला हात लावायचा नाही, जमीनच उचलायची. कडेने तीन फुटांच्या पट्ट्यात दोन इंच भराव. "पाव ब्रास मुरूम टाका, कठडा गेला." तीस-पस्तीस वर्षांचा खात्याचा अनुभव त्या एका वाक्यात होता.

पण सासूबाईंनी गोधड्या वाळत कशावर घालायच्या, असं विचारलं आणि कठडा परत आला. जाता जाता त्यांनी पायऱ्याही पाहिल्या. ३१ इंचांना पावणेआठ इंचांच्या बरोब्बर चार बसत होत्या. "समसंख्या? दारात?" पाच झाल्या. एस्टिमेटात एक पायरी वाढली, त्यावर कुणी चर्चाही केली नाही.

अण्णांनी सगळं फुलस्केपवर उतरवलं : बाब, परिमाण, दर, रक्कम. खाली पाच टक्के कंटिन्जन्सी. दहा टक्के तूटफूट आधीच धरली आहे, असं नवरा म्हणाला, तर ती लाकडाची, ही माणसांची, असं उत्तर मिळालं. शेवटची बाब होती, 'नारळ, नग २'. एक मुहूर्ताचा, हे मला समजलं. दुसरा कशाला?

"इन्स्पेक्टर चार इंचांचा चेंडू घेऊन येईल म्हणालीस ना? तो यायच्या आधी आपण आपला लावून बघायचा. गेला नाही, तर तिथेच फोडायचा."

"आणि गेला तर?"

"तर चटणी करा आणि गज वाढवा. धरलेत मी, कंटिन्जन्सीत."