वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

मराठी मध्यमवर्गात मूल गणवेशाच्या मापाचं होईपर्यंत गणवेश फाटतो, तरी पुढच्या जूनमध्ये नवा शिवताना बाही चार बोटं लांबच ठेवतात. ही वाढत्या अंगाची परंपरा आता मदरबोर्डात शिरली आहे, हे भाच्याच्या गेमिंग पीसीपायी मला कळलं.

त्याच्याकडे २०१७ सालचा आय५ ७४००. चार कोअर, चारच थ्रेड. गेम सुरू झाला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्ड आरामात. "बॉटलनेक आहे, मामा," असं तो घरात कोणी वारल्यासारखं सांगायचा. मी म्हटलं, बोर्ड तोच ठेवू, नवव्या पिढीचा सेकंडहँड प्रोसेसर आणू. पण इंटेलच्या घरची रीत अशी, की सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचं सॉकेट ११५१च. प्रोसेसर बसतो, वरची पट्टीही लागते, फक्त पीसी सुरू होत नाही.

तेव्हा बोर्डही बदलणं आलं. वीस हजारांच्या वर एक रुपया नाही असं बजावून मी त्याला लॅमिंग्टन रोडला नेलं.

"काका, एएम५ घ्या. एएम४ डेड सॉकेट आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. भाच्यानेही मान डोलावली. आता हा मेलेला म्हणजे कोण? २०१७ साली रायझनबरोबर दुकानात आला. बायोस अपडेट केला तर त्या वेळच्या कित्येक बोर्डांवर २०२२चा ५८००एक्स३डी चालतो. २०२२तच एएम५ आलं आणि याला मृत म्हणू लागले; तरी २०२४मध्ये याच सॉकेटसाठी ५७००एक्स३डी निघाला. मेल्यावर मुलं झालेला माझ्या माहितीतला हा एकटाच.

"एएम५वर घरची रॅम चालेल?"

"नाही. तिथे फक्त डीडीआर५."

घरची डीडीआर४; तिची खाचच निराळ्या जागी. म्हणजे पुढे कधीतरी नुसता प्रोसेसर बदलता यावा म्हणून आजच प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही महाग घ्यायचं. मी तरी आमच्या गोतावळ्यात नुसता प्रोसेसर बदललेला माणूस पाहिलेला नाही. ती वेळ येईपर्यंत बोर्डही म्हातारा होतो आणि मुलगा नोकरीला लागून लॅपटॉप घेतो.

मग मुलाने आय५ १२४००एफ काढला.

"बिनाएफच्यापेक्षा हा स्वस्त कसा?"

"यात चित्र दिसत नाही, काका."

म्हणजे पोटात ग्राफिक्स नाही. कार्ड घरी असल्याने ते चाललं असतं, पण एव्हाना माझा त्या मेलेल्यावर जीव जडला होता. रायझन ५ ५६००: सहा कोअर, बारा थ्रेड, खोक्यात कूलर फुकट. शेजारच्या ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, पण एल३ कॅश ३२ऐवजी १६ एमबी. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने तिकडे बघू नये.

बोर्ड बी४५०चा स्वस्त पडत होता. मात्र पडून राहिलेला माल. त्यातला बायोस जुना असेल तर ५६०० सुरू होणार नाही. बायोस नवा करायला आधी बोर्ड सुरू व्हायला हवा, आणि त्यासाठी त्याला ओळखीचा जुना प्रोसेसर हवा. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस चढवायचं बटण असतं, याला नव्हतं.

"मग ए५२० द्या," मी म्हणालो.

"त्यात ओव्हरक्लॉकिंग होत नाही," भाचा कळवळला.

"तू करणार आहेस?"

"नाही. पण करता आलं पाहिजे ना!"

मामाचंच रक्त. बी५५० घेतला.

रात्री जोडणी झाली. व्हॅलोरंट सुरू झालं, कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा दोनशेच्या वर गेला. मला काही फरक दिसेना.

"दिसणार नाही, मामा. आपला मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. सेकंदाला साठच चित्रं दाखवतो."

"मग उरलेली कुठे जातात?"

त्याने उत्तर दिलं नाही. १४४ हर्ट्झचे मॉनिटर उघडून त्याने किमतीची क्रमवारी 'जास्त ते कमी' अशी लावली आणि माऊस माझ्याकडे सरकवला.